गोळी बंद करण्याआधी

‘आता बीपी नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?’ रक्तदाबाची गोळी सुरू झाली की काही महिन्यांतच हा प्रश्न घरोघरी निघतो, आणि बरेच जण डॉक्टरांना न विचारताच त्याचा निकाल लावून टाकतात. पण आकडा १३० वर आला आहे तो गोळी चालू आहे म्हणून. अ‍ॅम्लोडिपिनसारखं औषध अंगातून सावकाश उतरतं, त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी काही बिघडलेलं दिसत नाही, आणि तिथेच गैरसमज पक्का होतो. ‘माझं वाढलं की मला कळतं, डोकं जड होतं,’ हेही सर्रास ऐकू येतं. प्रत्यक्षात १७० दाब असलेला माणूस दिवसभर शेतात राबतो, रात्री शांत झोपतो. मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांची हानी मात्र चालूच असते. जे जाणवतच नाही, त्याचा निर्णय जाणिवेवर कसा सोडणार? गोळी वाढवायची, कमी करायची की थांबवायची, हे घरी मोजून वहीत लिहिलेल्या आकड्यांवरून, डॉक्टरांशी बोलूनच ठरायला हवं.

दवाखान्यातला एक आकडा त्यासाठी पुरत नाही. काहींचा दाब डॉक्टरांसमोर बसल्यावरच चढतो, तर काहींचा तिथे नेमका बरा येतो आणि घरी जास्त असतो. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांनी घरी घेतलेल्या नोंदी पाहून ज्यांची औषधं ठरवली, त्यांचा वरचा दाब वर्षअखेर इतरांपेक्षा सरासरी तीन-साडेतीन अंकांनी कमी होता. फरक छोटा वाटेल, पण तो केवळ मोजण्यातून आणि त्यानुसार औषध बदलण्यातून आला. मोजायचं मात्र नीट. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यावा, लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसावं. पट्टा बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाय जमिनीवर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी. आठवडाभराची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर दाब वाढलेलाच समजतात.

‘मीठ सोडलं, चालायला लागलो, आता औषध नको,’ हा आक्षेप मला खरोखर विचार करण्याजोगा वाटतो. १९९७ च्या ‘डॅश’ अभ्यासात फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूध असलेल्या आहाराने उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा दाब सरासरी ११ अंकांनी उतरला. १४५ असलेल्याला एवढं पुरेल, १७५ असलेल्याला नाही. शिवाय मीठ सोडलं म्हणणारे बहुधा पानात वरून घ्यायचं तेवढंच सोडतात. लोणचं, पापड, फरसाण, खारी बिस्किटं तशीच चालू राहतात. सैंधवाचाही उपयोग नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं धरून जेमतेम चमचाभर. पोटॅशियमयुक्त मीठ काहींना उपयोगी पडतं, पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

‘अ‍ॅलोपॅथीची सवय लागते, त्यापेक्षा झाडपाला बरा,’ असं म्हणणाऱ्यांना सर्पगंधेची हकीकत सांगावीशी वाटते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिच्या रक्तदाबावरील परिणामाचा शोधनिबंध ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. वनस्पती गुणकारी ठरली ती दाब मोजून पाहिल्यामुळे. आणि तिच्यातल्या रिसर्पिनमुळे काहींना नैराश्य येतं हेही पुढे उघड झालं. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, रामिप्रिलने कोरडा खोकला लागतो, हे खरंच आहे. त्यावर उपाय म्हणजे डॉक्टरांना सांगून औषध बदलून घेणं. पर्याय भरपूर आहेत. आणि वजन उतरलं, वहीतले आकडे खाली टिकून राहिले, तर डॉक्टर स्वतःच गोळी कमी करतात.

सतत मोजून धास्ती वाढते, हेही खोटं नाही. दाब आटोक्यात असेल तर रोज मोजायची गरज नसते; डॉक्टरांकडे जाण्याआधीचा आठवडा पुरतो. १८०/१२० च्या वर आकडा आला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजावं, आणि तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. सोबत छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोबडी वळत असेल किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडत असेल, तर पुन्हा मोजण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावं.