बाल्मर आले, तरी म्युनिक बधलं नाही

२००३ साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून म्युनिकला धावले. तिथली महापालिका विंडोज सोडून लिनक्स ही खुली संगणकप्रणाली घेणार होती. सवलतींची लालूच दाखवूनही महापौर क्रिस्टियान उडे बधले नाहीत.

दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक ‘लिमक्स’ या शहराच्या स्वतःच्या लिनक्स-आवृत्तीवर आले. पण बाहेरून आलेल्या वर्डच्या फायलींची मांडणी विस्कटायची, कर्मचारी कुरकुरायचे. २०१७मध्ये, नव्या महापौरांच्या काळात, पुन्हा विंडोजचा ठराव झाला. मायक्रोसॉफ्टचं जर्मन मुख्यालय वर्षभर आधीच शहरात आलं होतं, हा म्हणे योगायोग!

म्हणजे लिनक्स नापास? मुळीच नाही. घोडं अडलं ते फायलींपाशी आणि राजकारणापाशी.

आता जर्मनीतलंच श्लेसविग-होलस्टाइन राज्य ३० हजार संगणकांवर हाच प्रयोग करतंय. त्यांनी सरकारी कागदपत्रांना खुला फाइल-प्रकार आधी सक्तीचा करावा. संगणक मग बदलावेत.