जठराचा कर्करोग : छेद लहान की मोठा?

जठराच्या कर्करोगाचे निदान झाले की नातेवाईक हमखास म्हणतात, "डॉक्टर, जमीन विकावी लागली तरी चालेल, पण पोट न फाडता दुर्बिणीनेच ऑपरेशन करू." माझ्या मते हा आग्रह अनाठायी आहे.

मुळात काम दोन्हींत तेच असते. जठराचा रोगट भाग आणि भोवतालच्या लसिकाग्रंथी काढायच्या. काखेत, जांघेत अवधाण येते ते याच जातीच्या ग्रंथींना. दुर्बिणीच्या पद्धतीत पोटावर चार-पाच छिद्रे पाडतात. काढलेला भाग बाहेर घेण्यासाठी बहुधा लहानसा छेदही द्यावा लागतो. जखम छोटी, वेदना कमी, जखम चिघळण्याचे प्रमाणही कमी. मात्र शस्त्रक्रियेला वेळ जास्त लागतो.

आणि आयुष्य? 2019 साली कोरियाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या अवस्थेतील 1,416 रुग्णांपैकी दुर्बीण गटातील 94.2 टक्के, तर पोट उघडलेल्या गटातील 93.3 टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. त्याच वर्षी चीनमध्ये रोग वाढलेल्या, पण शस्त्रक्रियायोग्य रुग्णांत तीन वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण 76.5 व 77.8 टक्के आढळले. थोडक्यात, पारडी समान. पण तेथील शल्यचिकित्सक या कामात मुरलेले होते, हे विसरू नये.

म्हणून छेद किती मोठा, हे नंतर विचारा. अशा शस्त्रक्रिया आपण किती केल्या, ग्रंथी पूर्ण काढणार का, आधी केमोथेरपी लागेल का, हे प्रथम विचारा. अनुभवी हाताने पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया कमअस्सल नव्हे. जमीन विकण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया तीत आहेत.

खरा फरक पडतो तो वेळेने. कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी करण्याची राष्ट्रीय योजना आहे, म्हणून तेथे रोग लवकर सापडतो. आपल्याकडे मात्र 'पित्त झालंय' म्हणत सोडा, जेलुसिल यांवर महिने निघतात. भूक मंदावणे, दोन घासांत पोट भरणे, वजन घटणे, डांबरासारखी काळी शौचास होणे, यांपैकी काहीही दिसल्यास, विशेषतः पन्नाशीनंतर, दुर्बिणीने जठर तपासून घ्या. दुर्बिणीचा खरा उपयोग तेथे आहे.