मध्यम मार्ग आणि अर्धा मार्ग

“जरा सबुरीने घ्या,” हा उपदेश नवदीक्षित कुटुंबांना उठल्याबसल्या ऐकावा लागतो. घरात बुद्धमूर्ती ठेवा, पण देव्हाऱ्यातला टाकही राहू द्या. लग्न बौद्ध पद्धतीने लावा, पण मुहूर्त तेवढा भटजीकडून काढून आणा! आणि वर शहाजोगपणे पुस्ती जोडली जाते, की तुमच्या बुद्धानेच तर मध्यम मार्ग सांगितला आहे.

या युक्तिवादाची भुरळ पडावी, यात नवल नाही. ज्याला त्याच गावात राहावयाचे व त्याच शेतावर मजुरीस जावयाचे आहे, त्याला भांडण नको असते. म्हातारी आई दुखावू नये, असेही वाटते. हे सर्व माणुसकीला धरून आहे. परंतु बुद्धाच्या नावावर असला माल खपविला जात असेल, तर त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

सारनाथच्या पहिल्या प्रवचनात भगवंतांनी दोन टोके वर्ज्य सांगितली: कामसुखात लोळणे आणि देहदंड. त्यांना टाळून जाणारा तो अष्टांगिक मार्ग. सत्य व असत्य यांच्या मध्यावर उभे राहा, असे त्यांनी कोठे सांगितले? उपाली न्हाव्याला त्यांनी शाक्य राजकुमारांच्या आधी प्रव्रज्या दिली. राजकुमारांना त्याच्यापुढे वाकावे लागले. जन्माच्या अहंकाराला तेथे निम्मी सूट मिळाली काय?

परमपूज्य बाबासाहेबांचा संयमही असाच होता. महाडच्या परिषदेत २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. आणि त्याच परिषदेत न्यायालयाच्या मनाईहुकुमाचा मान राखून चवदार तळ्याचा सत्याग्रह तहकूब झाला. पुढे तो दावा १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. साधन सौम्य, साध्य अढळ! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या जुन्या दैवतांचा व श्राद्धपक्षाचा स्पष्ट त्याग करणाऱ्या आहेत. त्यांत “सवडीप्रमाणे” हा शब्द नाही.

राजकारणातील मवाळपणाची किंमतही आपण मोजली आहे. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. सरकारने सबुरी धरली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामांतराऐवजी नामविस्तार पदरी पडला. घर जाळणारा आणि घर जळालेला, या दोघांपासून सारखेच अंतर राखणारी मध्यमता कोणाच्या पथ्यावर पडते, हे सांगावयास हवे काय?

म्हणून धम्मबांधवांनो व भगिनींनो, वाणी मृदू ठेवा, शेजाऱ्याशी वैर धरू नका, कायद्याची वाट सोडू नका. आईची समजूत रागावून नव्हे, मायेने घाला. पण टाक देव्हाऱ्यातून उतरवा आणि मुलांना बावीस प्रतिज्ञांचा अर्थ समजावून सांगा. अर्ध्या वाटेवर थांबलेल्याला जुने घर परत बोलावीत असते.