दोराची साक्ष

चातुर्मास्यांत सायंकाळीं दिवेलागण झाल्यावर घरांतील मुलांस महाभारतांतील एकेक कथा सांगण्याचा आमचा परिपाठ आहे. परवां मांडव्य ऋषींची कथा निघाली. चोरांनीं लुटीचा माल त्यांच्या आश्रमांत दडविला. मौनव्रत असल्यामुळें ऋषींनीं राजसेवकांस उत्तर दिलें नाहीं. माल सांपडला, आणि ऋषींसही चोर समजून सुळीं देण्यांत आलें. तपोबलानें ते वांचले. पुढें त्यांनीं यमधर्मास जाब विचारला, तेव्हां लहानपणीं कीटकांस काडी टोंचल्याचें हें फळ, असें कळलें. एवढ्याशा बालिश कृत्यास एवढा दंड! ऋषींनीं धर्मासच शाप दिला. त्यास विदुर होऊन जन्मास यावें लागलें. शिवाय चौदा वर्षांपर्यंत बालकाच्या हातून घडलेल्या कृत्याचें पातक लागणार नाहीं, अशी मर्यादा ऋषींनीं घालून दिली.

धाकटी नात म्हणाली, "आजोबा, मग आतां लहान मुलांना कोर्टांत नेतात, तेव्हां बेड्या घालतात का हो?"

"नाहीं बाळ, कायद्यानें मनाई आहे," असें मीं सांगितलें. उत्तर बरोबर होतें. परंतु तें देतांना माझें मन स्वस्थ नव्हतें. त्याचें कारण आधीं सांगतों.

नोकरीच्या पहिल्या वर्षीं एका खेड्यांतील शाळेंत असतांना सहलीसाठीं जमलेले पैसे एका मुलाजवळून नाहींसे झाले. संशय दुसऱ्या एका गरीब मुलावर आला. तो पळून जाईल, म्हणून मीं घंटेच्या दोरानें त्याचें मनगट बांधविलें आणि शिपायाकरवीं भरल्या पटांगणांतून त्यास हेडमास्तरांपुढें नेलें. दुसऱ्या दिवशीं ते पैसे तक्रार करणाऱ्याच्याच भूगोलाच्या पुस्तकांत मिळाले. मीं वर्गासमोर चूक कबूल केली. तथापि मुलें त्यास 'दोरवाला' म्हणूं लागलीं, आणि सहामाहीनंतर तो शाळेंत आला नाहीं. हेडमास्तरांनीं त्यास निर्दोष ठरविलें खरें; परंतु त्यापूर्वींच माझ्या दोरानें साक्ष देऊन टाकली होती, आणि मुलांनीं तीच खरी मानली.

बालकास बांधून न्यायासनापुढें आणण्यांतील मुख्य दोष हाच आहे. निकाल लागण्यापूर्वींच पाहणाऱ्यांच्या मनांत निकाल लागतो. शिवाय ज्याचें मनगट आवळलें आहे, तें मूल मान वर करून बोलत नाहीं. आणि मौन म्हणजे अपराधाची कबुली, असा अर्थ मांडव्याच्या राजाप्रमाणें आपणही करून बसतों.

आपल्याकडे हा विचार टप्प्याटप्प्यानें कायद्यांत आला. मुंबई इलाख्यांत मुलांसाठीं स्वतंत्र कायदा १९२४ सालीं झाला. आमचा बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यानें तो येथें लागू नव्हता. १९८० सालीं प्रेमशंकर शुक्ला यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें मोठ्या माणसांसही सरसकट हातकड्या घालणें अमानुष ठरविलें. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनीं तुरुंगांतील मुलांचा प्रश्न त्याच न्यायालयापुढें नेला, आणि १९८६ सालीं मुलांस तुरुंगांत ठेवूं नये, असें न्यायालयानें बजावलें. त्याच वर्षीं बालन्यायाचा कायदा झाला. सध्यां २०१५ चा कायदा चालू आहे. त्यान्वये अठरा वर्षांखालील मुलास पोलीस कोठडींत ठेवतां येत नाहीं, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत बाल न्याय मंडळापुढें न्यावें लागतें. २०१६ च्या आदर्श नियमांत तर स्पष्टच आहे कीं, मुलास हातकडी घालूं नये, सांखळीनें वा अन्य प्रकारें जखडूं नये. 'अन्य प्रकारें' यांत कमरेचा दोरही आला. मंडळाची जागा कोर्टासारखी दिसूं नये, असेंही त्यांत सांगितलें आहे.

कोणी म्हणेल, २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेनें खुनासारख्या कांहीं गुन्ह्यांत आरोपीस हातकडी घालून कोर्टापुढें नेण्याची मुभा दिली आहे. मग सतरा वर्षांच्या मुलानें तसें कांहीं केलें तर? उत्तर असें कीं, मुलांना पकडण्याच्या व ठेवण्याच्या बाबतींत इतर कायद्यांत कांहींही असलें, तरी बालन्यायाचाच कायदा चालावा, असें त्या कायद्याच्या पहिल्याच कलमांत लिहिलेलें आहे.

मूल खरोखरच पळूं लागलें किंवा स्वतःस इजा करूं लागलें, तर काय करावें, ही शंका मात्र रास्त आहे. अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानांत पूर्वीं मुलांना बेड्या घालून कोर्टांत आणण्याची वहिवाट होती. २००९ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें नियम बदलला. आतां त्या विशिष्ट मुलापासून धोका आहे व सौम्य उपाय उरलेला नाहीं, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याखेरीज तेथें बेडी घालतां येत नाहीं. म्हणजे धोका एका मुलाचा पाहावयाचा. सर्वांस एका दोरांत ओवावयाचें नाहीं.

आतां आपलें कर्तव्य. दसरा-दिवाळीनंतर मांजरसुंब्याच्या फाट्यावरून ऊसतोडीच्या गाड्या जाऊं लागतात, आणि कित्येक मुलें आजी-आजोबांपाशीं मागें राहतात. अशा मुलावर आळ आला, तर आईबाप शेंकडों मैल दूर असतात. पोलिसांनीं पालकांस कळविलें पाहिजे, हा कायदा आहे. परंतु मुलाबरोबर घाट उतरून बीडास जाणारें कोणी हवें ना? तें काम शेजाऱ्यानें किंवा शिक्षकानें अवश्य करावें. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. मुलाचा हात बांधलेला दिसला, तर मंडळापुढें तें नम्रपणें पण निश्चयानें सांगावें. आणि तें मूल गांवीं परतल्यावर घरांतील मुलांनीं त्यास कोणतेंही नांव ठेवूं नये, एवढी खबरदारी वडीलधाऱ्यांनीं घ्यावी. ती त्या वेळीं माझ्या हातून घेतली गेली नाहीं.