मागच्या सीटलाही पेडल हवे

आपल्याकडे नवरा सायकल मारतो, बायको कॅरिअरवर बसते. व्यायाम एकाचाच होतो. जोडीने चालवायच्या टँडेम सायकलला मागेही पेडल असते. दोन्ही पेडले सहसा साखळीने जोडलेली. एकाचा पाय थांबला की दुसऱ्याचाही थांबतो. हँडल पुढच्याच्या हातात, मागच्याला समोरचा रस्ता दिसत नाही. म्हणून खड्डा आला, वळायचे आहे, हे पुढच्याने सांगावेच लागते.

ही सायकल महाग, आपल्या गल्लीत वळायचीही नाही. ती घ्या असे आम्ही म्हणत नाही; तिचा हिशेब घ्या. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, बाईला आणि पुरुषाला सारखाच. बीपी, शुगर बाईलाही होते. मग "ती घरकाम करतेच की" म्हणून तिला घरीच का ठेवायचे? घरकाम दुसऱ्यांसाठी असते. हा वेळ तिच्या स्वतःच्या शरीरासाठी आहे.

दोन जुन्या सायकली काढा, नाहीतर पायी चला. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, दोघांनी. छातीत दुखत असेल, लवकर धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि बंधूंनो, तो अर्धा तास निघावा म्हणून सकाळची भांडी तुम्ही घासा.