स्वमग्न मुलांच्या आईला ‘सब्र कर’ म्हणणं पुरेसं नाही

दरवर्षी २ एप्रिलला जागतिक ऑटिझम जागरूकता दिन पाळला जातो. हा दिवस सुरू व्हावा म्हणून संयुक्त राष्ट्रांत कतारने पुढाकार घेतला होता आणि २००७ मध्ये आमसभेने तसा ठराव मंजूर केला. या दिवशी मुलांबद्दल बरंच बोललं जातं. त्यांना रात्रंदिवस सांभाळणाऱ्या आई-वडिलांबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलतं.

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता. हा मेंदूच्या वाढीतला जन्मजात फरक आहे. काही मुलं बोलत नाहीत, काहींना मोठा आवाज सहन होत नाही, काहींना रात्रभर झोप येत नाही. मूल झोपत नाही तेव्हा आईही झोपत नाही. सकाळी तीच आई मुलाला घेऊन थेरपीला जाते आणि परत येऊन घरचं सगळं करते. अशा पालकांमध्ये ताण आणि नैराश्य इतर पालकांपेक्षा जास्त आढळतं, हे अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे.

दोष आईवरच

थकव्यावर भर पडते ती आरोपांची. गेल्या शतकाच्या मध्यात काही पाश्चात्त्य तज्ज्ञ म्हणायचे की आईने माया केली नाही म्हणून मूल असं झालं. पुढे हे साफ चुकीचं ठरलं. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलचा संबंध ऑटिझमशी जोडला आणि बोट पुन्हा आईकडेच वळलं. स्वीडनमध्ये सुमारे २४ लाख मुलांच्या नोंदींवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा असा संबंध आढळला नव्हता.

आपल्याकडे भाषा वेगळी, आरोप तोच. नजर लागली, असर झाला, आईने मोबाईल दिला. मग ताईत आणि झाडफूक यांत पैसे जातात, आणि सुरुवातीची मोलाची वर्षंही जातात.

सब्रचा अर्थ काय?

‘अल्लाहची आजमाइश आहे, सब्र कर’ असं म्हणणाऱ्यांची नियत चांगलीच असते. पण सब्र म्हणजे स्वतःला झिजवून टाकणं नव्हे. हजरत अबू दर्दा (रजि.) दिवसा रोजे आणि रात्रभर इबादत करून स्वतःकडे आणि घराकडे दुर्लक्ष करत होते. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी त्यांना समजावलं की रबप्रमाणेच आपल्या जिवाचा आणि घरच्यांचाही आपल्यावर हक्क असतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सलमान यांचं म्हणणं बरोबर ठरवलं. इबादतीतही शरीराचा हक्क सुटत नसेल, तर मुलाच्या खिदमतीत तरी कसा सुटेल?

प्रश्न असा की स्वतःची काळजी घे म्हटलं, तरी तेवढा वेळ मूल कोणाकडे ठेवायचं? झोप, डॉक्टरकडे जाणं, माहेरी एक दिवस, निवांत नमाज, या सगळ्यासाठी आधी दुसरे हात लागतात.

कायदा आहे, पोहोच कमी

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. युडीआयडी कार्ड काढता येतं. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. पालकांना विसावा मिळावा म्हणून ‘समर्थ’ योजना आहे, पण अशी केंद्रं सगळ्या जिल्ह्यांत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दिव्यांग मुलाच्या नोकरदार आईला बालसंगोपन रजा नाकारणं हे राज्याच्या घटनात्मक कर्तव्याच्या विरोधात आहे. निकाल महत्त्वाचाच. पण तो प्रश्न सरकारी नोकरीतल्या आईचा होता. घरी शिलाईकाम करणाऱ्या किंवा फक्त घर सांभाळणाऱ्या आईला रजा कोण देणार?

मोहल्ल्याने काय करावं

इथे जमातीची जबाबदारी सुरू होते. पहिली गोष्ट घरातली. अब्बूंनी फक्त फी भरून चालणार नाही. आठवड्यातले ठरावीक तास मूल त्यांच्याकडे असावं. दादी, फूफी, खाला यांनी मुलाला शांत कसं करायचं हे आईकडून शिकून घ्यावं, म्हणजे तिला बिनधास्त बाहेर पडता येईल.

दुसरी गोष्ट मशिदीची. मागे मूल रडत असल्याचं ऐकून त्याच्या आईची घालमेल होऊ नये म्हणून प्रेषित (स.) नमाज आटोपती घेत, असं हदीसमध्ये आहे. आपण मात्र आवाज करणाऱ्या मुलाला आणि त्याच्या बापाला डोळे वटारून बाहेर काढतो. इमाम साहेबांनी एका जुम्याच्या खुत्ब्यात हा विषय घेतला तरी फरक पडेल.

तिसरी गोष्ट बैतुलमालची. जकातीस पात्र असलेल्या घराला थेरपीच्या खर्चासाठी मदत करता येईल का, हे उलेमांना विचारून ठरवावं. युडीआयडी आणि निरामयचे फॉर्म भरून देणारे दोन तरुण प्रत्येक जमातीत सहज मिळतील. अशा चार-पाच आयांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं, एवढी सोय मदरशाच्या खोलीतही होऊ शकते.

एक गोष्ट आयांनाही सांगायला हवी. सतत रडू येणं, झोप उडणं, जगण्यातला रस जाणं हा ईमानचा कमकुवतपणा नाही, डॉक्टरकडे जाण्याची वेळ आहे. सरकारच्या ‘टेलिमानस’ हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

या मुलांना आयुष्यभर आधार लागू शकतो. तो देणारी आई टिकावी असं वाटत असेल, तर पुढच्या वेळी ‘सब्र कर’ म्हणण्याआधी तिला विचारा: तुझ्या मुलाजवळ मी कधी बसू?