तुरुंगाच्या शिपायाची छाती

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती टिपून घेतली. तिथल्या पहारेकऱ्यांची आठवण मात्र कुणी काढत नाही. आज कारागृह शिपाई व्हायचे तर बारावी पास, लेखी परीक्षा आणि मैदानी चाचणी. मुलांना 1600 मीटर धावावे लागते, गोळाही फेकावा लागतो. पहाटे त्यासाठी घाम गाळणारी पोरे आपण पाहतोच. पण खरी कसोटी पुढेच! रात्रपाळीने झोप मोडते, रक्तदाब वाढू शकतो. गर्दीच्या, कोंदट बराकीत क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. ते कैदी आणि शिपाई असा भेद करीत नाहीत. म्हणून कैद्यांबरोबर शिपायांच्याही छातीची दरवर्षी तपासणी व्हावी, असे आमचे मत. घरच्यांनीही लक्ष ठेवावे. खोकला दोन आठवडे हटला नाही, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत.